शिडीची पोहोच



‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. संकट एका ठिकाणी आणि त्यावरचा उपाय भलत्याच ठिकाणी, असा तिचा अर्थ आपण शाळेत पाठ करतो, तिचा वाक्यात उपयोग करून दोन गुण मिळवतो आणि पुढे जातो. माझे मात्र या म्हणीशी तीस वर्षे पोटापाण्याचे नाते होते. मी एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात चालक-यंत्रचालक होतो. त्या शहराचे नाव येथे सांगत नाही. राहायला मात्र मी पहिल्यापासून अंबरनाथ पश्चिमेला. लोकलने जायचे, चोवीस तासांची पाळी करायची आणि लोकलने परत यायचे, हा क्रम निवृत्तीपर्यंत सुटला नाही. वर्दी नसलेल्या रात्री नियंत्रण कक्षामागच्या बाकावर बसून मी तुमच्यासारखाच, वय वाढल्यावर, मराठी घेऊन बी.ए. झालो. म्हणून तुमच्याशी थोड्या हक्काने बोलतो.

माझे वडील विम्को नाक्यावरच्या काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते. ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ या लांबलचक नावाचे ‘विम्को’ झाले आणि पुढे नाक्यालाही तेच चिकटले. मी अग्निशमन दलात लागलो त्या दिवशी वडील म्हणाले, “म्हणजे आता मी पेटवायचं आणि तू विझवायचं.” मग थोडे थांबून म्हणाले, “वेळेवर पोच म्हणजे झालं. नाहीतर आहेच आपलं रामेश्वर-सोमेश्वर.”

जाता जाता या म्हणीतल्या ‘बंब’ शब्दाविषयी. तो आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात. पाणी खेचणाऱ्या पंपाला त्या भाषेत ‘बोंबा’ म्हणतात. आमच्या चाळीत अंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. आणि रस्त्यावरून घंटा वाजवत जाणारा बंब विस्तवाभोवती पाणी घालायला निघालेला. एकाच शब्दाने ही दोन्ही कामे बिनतक्रार सांभाळली आहेत. आता घरातला बंब गेला, रस्त्यावरच्याला ‘फायर ब्रिगेडची गाडी’ म्हणतात, आणि ‘बंबखाना’ हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडीच उरला आहे.

मला सांगायचे आहे ते बंबाविषयी नव्हे, शिडीच्या गाडीविषयी. कागदोपत्री तिचे नाव ‘टर्न टेबल लॅडर’, दलात ‘टीटीएल’. आमच्या केंद्रात मात्र तिला ‘थोरली’ म्हणत. २००४ साली ती आली. खालची गाडी देशी बनावटीची, वरची शिडी परदेशी. एकात एक सरकणारे तिचे पदर पूर्ण उघडले की तीस मीटर लांबी भरायची. टोकाला माणसे घेणारा पिंजरा आणि पाणी मारायची तोटी. तिच्यावर प्रशिक्षण मिळालेल्या तिघांत मी होतो. पुढची एकोणीस वर्षे ती गाडी कोणत्या दिवशी कशी वागेल, हे मला घरातल्या माणसाच्या स्वभावासारखे माहीत झाले होते.

रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटते, शिडीची गाडी येते आणि शिडी वर जाते. तसे नसते. आधी गाडी उभी करण्याची जागा शोधावी लागते. वर विजेची तार नको, खाली गटाराचे झाकण नको, मोकळी भराव जमीन नको. मग इंजिनाची शक्ती चाकांकडून काढून तेलाच्या पंपाकडे द्यायची. त्या दाबावर गाडीच्या दोन्ही अंगांनी चार पाय बाहेर येतात. आम्ही त्यांना जॅक म्हणतो. गाडीची रुंदी अडीच मीटर असली तरी पाय पसरल्यावर तिला साडेचार मीटरहून अधिक जागा लागते. प्रत्येक पायाखाली जाड लाकडी पाट टाकायचे, म्हणजे वजन पसरते आणि डांबर खचत नाही. गवंडी पाणसळ लावतो तसा बुडबुडा मध्यावर आणायचा. एवढे झाल्यावर शिडी उचलायची, वळवायची आणि शेवटी लांबवायची. हात बसलेला असेल तर हे सारे दोन-तीन मिनिटांत होते. खाली उभ्या असलेल्या माणसांना ती दोन मिनिटे फार मोठी वाटतात. “नुसते काय उभे राहिलात?” असे ओरडणारा एक जण प्रत्येक वर्दीवर असतोच, आणि त्याच्यावर मी कधी रागावलो नाही. आत त्याचे कुणीतरी असते.

आता शिडीच्या लांबीचे गणित पाहा. शाळेत आपण काटकोन त्रिकोण शिकतो आणि विसरतो. तीस मीटर लांबीची शिडी भिंतीच्या अगदी लगत उभी करता आली, तर ती जवळजवळ तीस मीटर उंची गाठेल. पण गाडी भिंतीपासून अठरा मीटर दूर उभी करावी लागली, तर तीच शिडी चोवीस मीटर उंचीवरच भिंतीला भिडेल. चोवीस मीटर दूर उभी केली, तर अठरा मीटरवर. हे झाले निव्वळ कागदावरचे गणित. प्रत्यक्षात ती इतकी दूरवर झुकूच शकत नाही. शिडी आडवी होऊ लागली की तिचे आणि पिंजऱ्यातल्या माणसांचे वजन गाडीला उलथवू पाहते, लांब दांड्याच्या टोकाला अडकवलेले छोटे वजनही तराजू झुकवते तसे. म्हणून शिडीला एक मर्यादा घातलेली असते. ती आली की पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि शिडी आपोआप थांबते. थोरलीची ती मर्यादा, पिंजऱ्यात दोन माणसे असताना, गाडीच्या मध्यापासून सोळा मीटर होती. वर्तमानपत्रात छापून येतो तो आकडा तीसचा. आमच्या कामाचा आकडा सोळाचा.

२०१३ सालची, दिवाळीनंतरची रात्र. पावणेदोनला वर्दी आली. पाच मजली इमारत, चौथ्या मजल्यावर आग, माणसे अडकलेली. आम्ही नऊ मिनिटांत त्या गल्लीच्या तोंडाशी होतो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना मोटारी आणि स्कूटरी लावलेल्या. त्यांतून थोरलीला फाटकापर्यंत नेण्यात चार मिनिटे गेली. फाटकावर संस्थेच्या नावाची देखणी कमान होती, वर गणपती, दोन्ही बाजूंना दिवे. तिच्याखाली मोकळी जागा दहा फूट. थोरलीची उंची साडेअकरा फूट. बंब आत गेला, शिडी बाहेर राहिली. आत गेलीच असती, तरी अंगणात जमिनीखालची पाण्याची टाकी होती आणि तिच्या स्लॅबवर पंधरा टनांची गाडी उभी करण्याचे धाडस मी केले नसते. मी रस्त्यावर जिथे पाय पसरता आले तिथे गाडी लावली. तिथून ती भिंत बावीस मीटर दूर होती.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत एक आजोबा उभे होते. गॅलरीला लोखंडी जाळी होती, पण जाळीला बाहेर पडण्यासाठी लहान दार ठेवलेले होते आणि त्यांनी कुलूप काढून ते दार उघडून धरले होते. हे मी मुद्दाम सांगतो. आग लागल्यावर काय करावे हे आम्ही शाळांतून, संस्थांतून वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्या माणसाने त्याच्या बाजूचे सगळे केले होते.

पिंजऱ्यात आमचे दोन जवान होते. शिडी त्यांना घेऊन निघाली. चौथा मजला म्हणजे उंची जेमतेम चौदा मीटर. थोरलीच्या लांबीला ते काहीच नव्हते. बावीस मीटरवरच्या त्या गॅलरीपर्यंत सव्वीस मीटर शिडी पुरली असती आणि आमच्यापाशी तीस मीटर होती. पण सोळा मीटरवर लाल दिवा लागला आणि शिडी थांबली. पिंजरा आणि गॅलरी यांच्यात सहा मीटर हवा उरली. वरून ध्वनिक्षेपकावर आवाज आला, “अजून घ्या. थोडी पुढे घ्या.” मी म्हणालो, “लाइट आली.” “दिसतायत ते आम्हाला. घ्या ना थोडी.”

मर्यादा ओलांडून शिडी हलवण्यासाठी एक वेगळी कळ असते. यंत्र अडकले तर माणसांना खाली आणता यावे म्हणून ती दिलेली असते. माझा हात त्या कळीवर गेला होता. आमचे लीडिंग फायरमन शेजारी उभे होते. त्यांनी माझे मनगट धरले आणि एवढेच म्हणाले, “नको. वर आपली दोन पोरं आहेत.”

मी हात काढून घेतला. शिडी मागे घेऊन हातशिडीसाठी माणसे पळाली. दुसरी तुकडी श्वसन संच लावून जिन्याने वर गेली. मागच्या खोलीतली सून आणि तिचा मुलगा यांना त्यांनी जिवंत खाली आणले. आजोबांनाही आणले, पण धुराने त्यांचे काम केले होते. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच ते गेले.

त्या रात्रीचा अहवाल तयार झाला त्यात एक वाक्य होते : ‘शिडीची पोहोच अपुरी पडल्याने बचावकार्यात अडथळा आला.’ खाली यंत्रचालक म्हणून माझी सही आहे. मी ते वाक्य वाचले होते. ते खोटे नव्हते, शिडी पोहोचली नाही हे खरेच होते. पण कमान लिहिली की ती कोणाच्या परवानगीने बांधली हे विचारावे लागते. मोटारी लिहिल्या की त्या कोणाच्या, हे विचारावे लागते. टाकीची स्लॅब लिहिली की नकाशा काढावा लागतो. शिडी उलट उत्तर देत नाही. मी सही केली आणि सकाळची लोकल पकडून घरी आलो. अंबरनाथला उतरलो तेव्हा शाळेत निघालेली मुले जिन्यावर होती. त्यांच्या गर्दीत मी बराच वेळ बाजूला उभा राहिलो, एवढे आठवते.

पुढे दहा वर्षे थोरलीने निमूट काम केले. मग २०२३च्या जानेवारीत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३पासून शासनाच्या आणि महानगरपालिका-नगरपालिकांच्या मालकीच्या, नोंदणीला पंधरा वर्षे उलटलेल्या गाड्यांची नोंदणी पुढे चालणार नव्हती. देशाचे संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी लागणाऱ्या खास गाड्या वगळल्या होत्या. बंब आणि शिड्या यांचे नाव त्या सवलतीत नव्हते. देशभरातल्या अनेक अग्निशमन दलांपुढे एकदम प्रश्न उभा राहिला. आमच्या थोरलीचा काटा तेव्हा सव्वीस हजार किलोमीटर दाखवत होता. अंबरनाथहून मुंबईला रोज लोकलने जाणारा-येणारा माणूस एका वर्षात जवळपास तेवढे अंतर कापतो. तिने त्याला एकोणीस वर्षे लावली होती.

पण तुमची दिशाभूल करणार नाही. किलोमीटरवरून शिडीच्या गाडीचे वय ठरत नाही. ती उभी असते तेव्हाच तिचे काम चाललेले असते. तेलाच्या नळ्यांची वेष्टणे कडक झाली होती आणि दाब धरत नव्हती. उंच केलेली शिडी दहा मिनिटांत बोटभर आत सरकलेली दिसायची. वरच्या पदरांना ओढणारे तारदोर दोनदा बदलले होते, तिसऱ्यांदा मिळाले नाहीत. परदेशातून सुटा भाग यायचा तर महिनोन् महिने जात. पॅनेलवरचे एक कार्ड पावसाळ्यात हट्ट करी आणि आम्ही त्याला केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा देत असू. अशा शिडीच्या टोकाला माणूस पाठवणे योग्य नव्हते. ती गेली हे ठीकच झाले. जुन्या यंत्राविषयीची माया हे ते चालू ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, हे मी स्वतःला तेव्हाही बजावले.

नव्या गाडीच्या प्रस्तावाला जुन्या गाडीच्या स्थितीविषयी यंत्रचालकाचे म्हणणे जोडायचे होते, म्हणून तो कागद माझ्या हाती आला. तेल, तारदोर, कार्ड, सगळे त्यात होते. आणि सर्वांत वर, पहिल्या क्रमांकाचे कारण म्हणून, माझ्या सहीचे दहा वर्षांपूर्वीचे ते वाक्य होते. शिडीची पोहोच अपुरी. त्यामुळे पन्नास मीटरहून अधिक उंचीची शिडी घेणे आवश्यक.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, “साहेब, त्या रात्री शिडी लांब हवी होती असं नाही. आत जायला वाट हवी होती.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “मला माहीत आहे. पण वाट माझ्या अंदाजपत्रकात येत नाही. शिडी येते.”

हे उत्तर मी पुष्कळ दिवस घोळवले. मुंबईचे उदाहरण तुमच्यापुढे ठेवतो, कारण ते सर्वांना माहीत आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीत आग लागली. दाट वस्ती, अरुंद रस्ते. इमारत कोसळली आणि त्या आगीने मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचे प्राण घेतले. त्याच सुमारास मुंबईच्या दलात नव्वद मीटर उंच जाणारी, फिनलंडच्या बनावटीची उचल-शिडी आली. तिची छायाचित्रे आम्ही आमच्या केंद्रात भिंतीवर लावली होती. हेवा वाटावा असे यंत्र. त्यानंतर २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एमटीएनएलच्या नऊ मजली इमारतीला आग लागली आणि गच्चीवर व मजल्यांवर अडकलेल्या चौऱ्यांशी जणांची जवानांनी सुटका केली. शिड्यांचे ते यश आम्ही दूरचित्रवाणीवर पाहत उभे होतो. नऊ मजले म्हणजे साधारण तीस मीटर. त्या दिवशी कामाला आली ती उंची थोरलीच्या मापाची होती, आणि इमारतीपर्यंत जायला मोकळी वाट होती.

उंच शिड्या नकोत असे मी म्हणत नाही. वीस-बावीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहत असताना तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. तरी चाळीस-पन्नास मजल्यांच्या बरोबरीने शिड्या वाढवत नेता येत नाहीत, हे इमारतींचे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींना चोवीस मीटरच्या वर ठरावीक अंतराने आसऱ्याची मोकळी जागा ठेवायला सांगितले आहे. आपण तिला ‘रेफ्युज एरिया’ म्हणतो आणि बऱ्याच ठिकाणी तिथे कुंड्या, सायकली आणि मोडके सोफे ठेवतो. त्याच संहितेत आणखी एक भाग आहे, तो मला कवितेसारखा पाठ आहे. आवारात शिरायचे दार सहा मीटरपेक्षा अरुंद नसावे. फाटक उघडल्यावर ते कुंपणाच्या भिंतीला टेकून बसावे, म्हणजे गाडीची वाट अडणार नाही. दारावर बांधकाम असेल तर त्याखाली किमान साडेचार मीटर मोकळे राहावे. इमारतीभोवतीची जागा पंचेचाळीस टनांची गाडी पेलेल अशी असावी आणि तिथे वाहने लावू नयेत. फाटकाने उघडल्यावर कुठे टेकावे, इथपर्यंत विचार करणाऱ्या त्या अनोळखी माणसाला मला एकदा भेटावेसे वाटते.

नवी गाडी आली त्या दिवशी हार, नारळ, पेढे, भाषणे झाली. थोरलीला मात्र दुसऱ्या दिवशी ओढून नेणारी क्रेन आली. ‘निर्लेखन’ असा त्याला सरकारी शब्द आहे. लिहिलेले पुसून टाकणे. तिच्या पायांखालचे लाकडी पाट मी भांडारात जमा केले. पाटांवर जॅकच्या गोल पायांचे ठसे इतके खोल उमटले होते की त्यांत पाणी साचले असते. भांडारपालाने कागद दिला आणि म्हणाला, “ही पोच.” आपल्या भाषेत दोन्हींना तोच शब्द.

नव्या गाडीचे चाक हाती आले तेव्हा मी साहेबांच्या परवानगीने तिला वेगवेगळ्या प्रभागांतून फिरवले. ती उत्तम गाडी होती. संगणकच पाय पसरायचा, समतोल साधायचा. पण ती थोरलीपेक्षा लांब होती, जड होती, मागे दोन आस असलेली. फिरता फिरता मी ती गल्ली गाठली. दहा वर्षांपूर्वी थोरली त्या कोपऱ्यावर एकदा मागे घेऊन वळली होती. नवी गाडी तीन वेळा मागेपुढे करूनही वळली नाही. मी ती मुख्य रस्त्यावर उभी केली आणि चालत फाटकापर्यंत गेलो. कमान होती. नवा रंग दिला होता. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत होते. परत येऊन मी फेरीच्या नोंदवहीत लिहिले : ‘या गल्लीत गाडी वळत नाही.’ त्याखाली सही केली. त्या सहीने फार काही भरून निघाले नाही, परंतु ती केली.

२०२४ साली मी निवृत्त झालो. आता पूर्ण वेळ अंबरनाथकर आहे. तुमच्यापैकी कुणी या बाजूचे असतील तर त्यांना ठाऊक असेल, अंबरनाथ पश्चिमेला एका अंगाला आयुध निर्माणीची जुनी, झाडांत बुडालेली वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला चाळी पाडून उठलेल्या इमारती. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या अडीच लाखांवर होती. माझ्या लहानपणी तीन मजली इमारत आली की आम्ही मुले तिच्या गच्चीवर जायला धडपडत असू. आता माझे घर सात मजली इमारतीत आहे आणि ती भोवतालच्या मानाने बुटकी दिसते.

गेल्या वर्षी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत विषय आला : प्रवेशद्वारावर संस्थेच्या नावाची कमान बांधणे. नकाशा फिरवला गेला. सुंदर होती. मी विचारले, “खाली किती फूट मोकळं राहील?”

“अकरा फूट, काका. टेम्पो जातो आरामात.”

मी उठून बोललो. सभेत बोलण्याची मला सवय नाही, आवाज कापत होता. फुटांचे आकडे सांगितले, पाय पसरायला किती जागा लागते ते सांगितले. एक तरुण सभासद म्हणाले, “पण काका, आपण दर जानेवारी-जुलैला बी फॉर्म देतो ना? सगळं ओके आहे.” त्यांचे चूक नव्हते. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे ते प्रमाणपत्र आम्ही नेमाने देतो. त्यात पंप चालतो, नळ्या आहेत, अलार्म वाजतो असे लिहिलेले असते. मी म्हणालो, “ते आपल्या घरातलं. मी बाहेरून येणाऱ्यांबद्दल बोलतोय.” कुणीतरी हसले. कुणीतरी मोबाइल काढला. सचिव म्हणाले, “काका, आपल्याकडे पंधरा वर्षांत काडीसुद्धा पेटली नाही.” विम्को नाक्यापासून दहा मिनिटांवर बसून हे वाक्य ऐकताना मला वडिलांची आठवण झाली.

मग मी ठरवले नव्हते ते बोललो. त्या रात्रीचे. आजोबांनी जाळीचे दार उघडून धरले होते ते. लाल दिव्याचे. आणि कागदावर मी काय लिहू दिले ते. बायकोलाही मी हे इतके सलग सांगितले नव्हते. ती मागच्या रांगेत बसली होती. आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एक काकू आहेत. त्यांचा मुलगा सभेला होता. तो उठला आणि म्हणाला, “कमान राहू दे. नाव भिंतीवर लिहू.” ठराव मागे घेतला गेला. मोटारींचा विषय मात्र पुढच्या सभेवर ढकलला आणि पुढच्या सभेत तो आलाच नाही.

म्हणून मी एका रविवारी पहाटे मोजपट्टी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन खाली उतरलो. वॉचमनने दुसरे टोक धरले. फाटक पाच मीटर वीस. सहाला कमी पडते, पण फाटक भिंतीला टेकते हे पाहून बरे वाटले. पूर्वेकडच्या बाजूला, जिथून सर्व मजल्यांच्या गॅलऱ्या दिसतात, तिथे पाय पसरतील एवढा चौकोन आखला. भिंतीपासून नऊ मीटर. टाकीची स्लॅब टाळली. मध्ये ‘शिडीसाठी मोकळे’ असे लिहिले. अक्षर फार चांगले आले नाही, रंग थोडा ओघळला. वॉचमन म्हणाला, “काका, गाडी कधी येणार?” मी म्हटले, “न आलेली बरी.”

सोमवारी सकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा त्या चौकोनात, बरोबर डाव्या पुढच्या जॅकच्या जागी, एक स्कूटर उभी होती. वॉचमन माझ्याकडे बघेना. स्कूटर माझ्या मुलाची होती. मी वर जाऊन खिळ्यावरची किल्ली घेतली आणि पुन्हा खाली आलो.